आईची साक्ष

शलमोन राजाच्या न्यायाची जुन्या करारातील कथा आपल्या धर्मग्रामांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. एका बालकावर दोन स्त्रिया आई म्हणून हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवतो. बालकाचे तुकडे होण्यापेक्षा ते दुसरीला मिळाले तरी चालेल, असे जी म्हणते तीच खरी आई, हे राजा ओळखतो. त्या दरबारात आईचे काळीज हाच पुरावा ठरला. या कथेच्या नेमका उलट निघालेला एक खटला १९५५ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात चालला. तेथे बालकावर हक्क सांगणारी दुसरी स्त्री नव्हती आणि मुलगाही जिवंत नव्हता. नदीतून काढलेला देह आपल्या मुलाचा आहे, एवढेच एक आई साक्षीदाराच्या खुर्चीत बसून शपथेवर सांगत होती. बारा पंचांनी ते मानले नाही.

त्या आईचे नाव मेमी टिल. तिच्या मुलाचे, एमेट टिलचे, नाव आज अमेरिकेच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. मात्र त्याच्या मृत्यूची हकीकत सांगताना आईने पुढे जवळजवळ अर्धशतक काय केले, हे बहुधा दोन ओळींत आटोपले जाते. या लेखाचा विषय ती आई आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, हे मराठी वाचकाला माहीत आहे. त्या अर्पणपत्रिकेतील आनंद खराच होता. पण पुढे काय झाले? गुलामगिरी कायद्याने संपली; दक्षिणेकडील राज्यांनी मात्र काही वर्षांतच निराळे कायदे करून कृष्णवर्णीयांना शाळा, आगगाडीचे डबे, पाणवठे आणि मतदान या साऱ्यांपासून दूर सारले. गोऱ्या माणसाचा शब्द मोडला, वाट दिली नाही, नजर वर केली, एवढ्या कारणावरून जमावाने माणसे झाडाला टांगल्याची उदाहरणे शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजावी लागतात. अशा खुनांसाठी सहसा कोणाला शिक्षा होत नसे. हा अन्याय दिसायला नको, म्हणून लाखो कुटुंबे उत्तरेकडे शिकागोसारख्या शहरांत गेली.

मेमीचे आईवडील त्यांपैकीच होते. ती २३ नोव्हेंबर १९२१ रोजी मिसिसिपीतील वेब या लहानशा गावी जन्मली आणि दोन-अडीच वर्षांची असतानाच शिकागोजवळच्या आर्गो वस्तीत आली. वडिलांना तेथे मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात काम मिळाले होते. मुलगी अभ्यासात हुशार निघाली. लुई टिल याच्याशी तिचे लग्न झाले आणि २५ जुलै १९४१ रोजी एमेटचा जन्म झाला. संसार मात्र टिकला नाही. वर्षभरातच दोघे विभक्त झाले, लुई सैन्यात गेला आणि १९४५ साली इटलीत त्याचा अंत झाला. सैन्याने त्याच्या वस्तूंबरोबर एक अंगठी धाडली. तीवर 'एल. टी.' ही अक्षरे कोरलेली होती. या अंगठीचा उल्लेख पुढे येणार आहे.

एमेटला लहानपणी पोलिओ झाला होता. त्यातून तो बरा झाला, पण बोलताना अडखळणे राहिले. शब्द अडला की क्षणभर थांबून शीळ घाल, म्हणजे जीभ सुटेल, असे आईने त्याला शिकवले होते. आई सरकारी कचेरीत नोकरीला जाई आणि घरातील कामे तो आनंदाने करी. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मेमीच्या मावशीचे यजमान मोझेस राइट शिकागोला आले होते. त्यांच्याबरोबर दक्षिणेत जाण्याचा हट्ट चौदा वर्षांच्या एमेटने धरला. आईची इच्छा नव्हती. शेवटी तिने होकार दिला. पण मिसिसिपीत कसे वागावे याचे धडे देऊनच. गोऱ्या माणसापुढे नम्र राहा, प्रसंग आला तर गुडघे टेकून क्षमा माग, असे तिने बजावले होते. हे तिने पुढे न्यायालयातही सांगितले. आपल्या लेकराला स्वाभिमान शिकवणाऱ्या आईला, त्याचा जीव वाचावा म्हणून त्याच तोंडाने लाचारी शिकवावी लागते, ही त्या काळातील हजारो कृष्णवर्णीय घरांची कहाणी आहे.

२० ऑगस्टला तो आगगाडीत बसला. बोटात वडिलांची ती अंगठी होती. मोझेस राइट हे मनी नावाच्या खेड्याजवळ मळेवाल्याची जमीन वाट्याने कसत. पंचक्रोशीत ते प्रवचनकार म्हणूनही ओळखले जात. २४ तारखेला मुले गावातील ब्रायंट यांच्या किराणा दुकानात गेली. दुकानात मालकाची एकवीस वर्षांची पत्नी कॅरोलिन होती. ती बाहेर आल्यावर एमेटने शीळ घातली, असे सोबतच्या नातलग मुलांनी सांगितले आहे. २८ ऑगस्टच्या रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम हे पिस्तूल व बॅटरी घेऊन राइट यांच्या दारी आले आणि झोपलेल्या मुलाला उठवून घेऊन गेले. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत त्याचा देह सापडला. जिनिंगच्या यंत्राचा सुमारे ७० पौंडांचा लोखंडी पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधलेला होता. चेहरा ओळखू येण्यासारखा उरला नव्हता. शेरीफने मोझेस राइट यांना नदीवर बोलावले. बोटातील अंगठीने ओळख पटली.

शेरीफ एच. सी. स्ट्रायडर याची घाई येथून सुरू होते. देह त्याच दिवशी मिसिसिपीतच पुरावा, असा त्याचा हुकूम होता आणि खड्डाही खणला गेला होता. शिकागोला बातमी पोहोचताच मेमीने जे करता येईल ते केले, नातलगांना कामाला लावले आणि दफन थांबवले. देह शिकागोला धाडण्यात आला, पण पेटी उघडायची नाही या अटीवर. २ सप्टेंबरला ती पेटी स्थानकावर उतरली. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे ए. ए. रेनर यांनी अटीची आठवण करून दिली, तेव्हा मेमीने आपण स्वतः हातोड्याने पेटी उघडू, असे उत्तर दिले. अट मी घातलेली नाही, सही मी केलेली नाही, असे तिचे म्हणणे होते.

मग तिने जे केले ते वाचतानासुद्धा मन थरथरते. तिने मुलाचा देह पायांपासून तपासायला सुरुवात केली. पावले, घोटे, गुडघे ओळखीचे निघाले आणि ती हळूहळू वर सरकत गेली. चेहऱ्याशी आल्यावर कपाळाची रेघ, कान, नाकाचा उरलेला भाग, दात यांवरून तिने आपले मूल ओळखले. चौदा वर्षे न्हाऊमाखू घातलेल्या शरीराची ती अखेरची ओळख होती. वैद्यकीय तपासणी कोणी केलीच नव्हती. या प्रकरणात देहाची काळजीपूर्वक तपासणी करणारी पहिली व्यक्ती म्हणजे त्याची आई.

धर्मगुरूला अंत्यविधीच्या वेळी पेटीचे झाकण लावण्याचा क्षण वारंवार पाहावा लागतो. आपल्याकडे आई त्या क्षणी झाकण धरून ठेवते, 'अजून थोडा वेळ' म्हणते. शेजारच्या बायका तिला हळूच बाजूला घेतात. अपघाताने चेहरा बिघडला असेल तर आपणच सांगतो, पेटी बंद ठेवू या, लोकांनी त्याला पूर्वीसारखाच आठवावा. या सल्ल्यात दया असते. रेनर यांनीही चेहरा थोडा नीट करू का, असे विचारले होते. मेमीने नकार दिला. माझ्या मुलाचे काय केले ते लोकांनी पाहावे, हा तिचा निर्णय होता आणि तो तिने शोकाच्या भरात नव्हे, तर पूर्ण शुद्धीत घेतला.

काचेच्या झाकणाची पेटी शिकागोच्या रॉबर्ट्स टेंपल चर्चमध्ये ३ सप्टेंबरपासून ठेवण्यात आली. हजारोंच्या रांगा लागल्या. कित्येक जण पेटीपाशी येताच कोसळले. ६ सप्टेंबरला बर ओक दफनभूमीत दफन झाले. त्याआधी आईच्या संमतीने डेव्हिड जॅक्सन या छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रे 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात छापून आली. ज्या घरांत असले विषय मुलांसमोर बोलले जात नसत, त्या घरांतील मुलांनीही ती पाहिली. आठ वर्षांनी रस्त्यावर उतरलेल्या तरुण पिढीतील अनेकांनी आपल्या मनाची सुरुवात त्या पानापासून झाली, असे पुढे सांगितले आहे.

जुन्या करारात रिस्पा नावाची एक आई आहे. शौलाच्या त्या उपस्त्रीचे दोन मुलगे राजाज्ञेने मारले जातात आणि देह उघड्यावर टाकले जातात. ती खडकावर गोणपाट अंथरून बसते आणि दिवसा पाखरांना, रात्री श्वापदांना हाकलते. ती कोणाशी भांडत नाही, दाद मागत नाही. परंतु तिचे ते बसणे दावीद राजाच्या कानी जाते आणि त्याला अस्थी गोळा करून सन्मानाने पुरणे भाग पडते. बायबलच्या अभ्यासवर्गात रिस्पाचा उल्लेख क्वचितच होतो. शिकागोतील ते चार दिवस वाचताना मला तीच आठवली.

खटला १९ सप्टेंबर १९५५ रोजी समनर या गावी उभा राहिला. त्या गावाचे घोषवाक्य होते, की मुलाला वाढवायला हे गाव चांगले. न्यायाधीश कर्टिस स्वँगो हे निःपक्षपाती गृहस्थ होते, असे बाहेरून आलेल्या वार्ताहरांनीही लिहिले. सरकारी वकील जेराल्ड चॅटम यांनीही आपले काम मनापासून केले. दोष या दोघांत नव्हता. ज्यूरी मतदारयादीतून निवडली जाई, आणि त्या जिल्ह्यात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय असूनही त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. स्त्रियांना ज्यूरीत बसण्याची मुभा नव्हती. म्हणजे खटल्याचा पहिला साक्षीदार उभा राहण्याआधीच न्याय कोण करणार हे ठरून गेले होते; बाराही पंच गोरे पुरुष होते.

आपल्याकडे मुंबईत ज्यूरीची पद्धत १९५९ च्या नानावटी खटल्याने बदनाम झाली, हे जुन्या वाचकांना आठवेल. तेथे ज्यूरीने निर्दोष ठरवलेल्या आरोपीचे प्रकरण न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि निकाल फिरला. अमेरिकेत तशी सोय नाही. ज्यूरीने एकदा निर्दोष म्हटले, की त्या गुन्ह्यासाठी त्या माणसावर पुन्हा खटला चालत नाही. ही तरतूद सामान्य नागरिकाला सरकारच्या छळापासून वाचवण्यासाठी आहे. समनरमध्ये तिचा उपयोग कोणाला झाला, ते पुढे कळेल.

न्यायालयात कृष्णवर्णीय वार्ताहरांना कोपऱ्यात एक पत्त्यांचे टेबल दिले होते. मिशिगनचे कृष्णवर्णीय संसदसदस्य चार्ल्स डिग्ज यांचीही बसण्याची सोय त्याच टेबलाशी झाली. २१ तारखेला मोझेस राइट साक्षीला उभे राहिले. वय ६४. सरकारी वकीलदेखील त्यांना 'अंकल मोज' म्हणत, कारण काळ्या माणसाच्या नावापुढे 'मिस्टर' लावायचे नाही हा तिकडचा शिरस्ता होता. मुलाला नेणारे कोण, असे विचारताच हा वाट्याने शेती कसणारा म्हातारा उभा राहिला आणि भर कोर्टात दोन्ही आरोपींकडे बोट दाखवले. साक्ष दिल्यानंतर त्यांना त्या राज्यात राहणे शक्य नव्हते. उभे कापसाचे पीक सोडून ते शिकागोला गेले. विली रीड या अठरा वर्षांच्या पोरानेही मायलमच्या माणसांच्या खोपटातून मारहाणीचे आवाज ऐकल्याचे सांगितले. तोही नंतर उत्तरेस गेला आणि नाव बदलून राहिला.

२२ तारखेला मेमी साक्षीला आली. बचाव पक्षाचा सगळा डोलारा एका मुद्द्यावर उभा होता: हा देह एमेट टिलचा नाहीच. मुलगा जिवंत आहे, कोठे तरी लपवून ठेवला आहे आणि दक्षिणेची बदनामी करण्यासाठी कोणाचा तरी मृतदेह नदीत टाकला आहे, असे सूचित केले जात होते. त्यामुळे खुनाच्या खटल्यातील मुख्य साक्ष खून पाहिलेल्याची नव्हे, तर आईची ठरली. तिने शांतपणे सांगितले, की आपण देह काळजीपूर्वक पाहिला, चेहऱ्याची ठेवण, कान, कपाळ, नाक पाहिले आणि तो आपला मुलगा असल्याची खात्री झाली. तिला अंगठी दाखवण्यात आली. ती तिने ओळखली. नदीतून काढलेल्या देहाचे छायाचित्र दाखवण्यात आले, तेव्हा तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला व डोळे पुसले. उलटतपासणीत तिला मुलाचा विमा किती होता आणि ती कोणते वर्तमानपत्र वाचते, असे प्रश्न आले. मुलाच्या प्रेतावर पैसे मिळवणारी बाई, हा त्यामागचा इशारा कोणालाही समजण्यासारखा होता.

त्यानंतर बचावाकडून शेरीफ स्ट्रायडर उभा राहिला. देह पाण्यात फार दिवस असावा आणि तो गोऱ्याचा की काळ्याचा हेही आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. हाच शेरीफ तो देह सापडला त्या दिवशी कृष्णवर्णीय अंत्यविधीवाल्याच्या ताब्यात देऊन मोकळा झाला होता! ज्याला रंग कळला नाही, त्याने त्या काळच्या मिसिसिपीत प्रेत कोणाच्या हवाली करायचे हे कसे ठरवले? हा प्रश्न पंचांना पडला नाही. एका डॉक्टरने आणि प्रेताला मसाला भरणाऱ्या एका माणसाने शेरीफच्या सुरात सूर मिसळला. त्या दोघांच्या ज्ञानापुढे आईची ओळख म्हणजे केवळ भावना ठरली.

२३ सप्टेंबरला ज्यूरी विचारविनिमयासाठी उठली तेव्हाच मेमीने ओळखले आणि निकाल ऐकण्यासाठी ती थांबली नाही. ज्यूरी ६७ मिनिटांनी परतली. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असे एका पंचाने नंतर सांगितले. दोन्ही आरोपी निर्दोष. त्यांनी मुलाला घरातून नेल्याचे स्वतःच कबूल केले होते, म्हणून अपहरणाचा आरोप तरी राहील अशी आशा होती. नोव्हेंबरमध्ये लेफ्लोर जिल्ह्याच्या ग्रँड ज्यूरीने तोही ठेवला नाही. आणि जानेवारी १९५६ मध्ये 'लुक' या नियतकालिकाने हजारो डॉलर मोजून त्या दोघांची हकीकत छापली. तीत त्यांनी मुलाला कसे मारले ते सविस्तर सांगितले होते. कायदा आता त्यांच्या केसालाही धक्का लावू शकत नव्हता. नदीतील देह कोणाचा, याविषयी त्यांना कधीच शंका नव्हती.

साक्षीच्या वेळी शपथ कशावर घेतली जाते, हे आपण जाणतो. मिसिसिपी हे चर्चचे राज्य होते. प्रत्येक वळणावर एक. म्हणून ही गोष्ट कोणत्या तरी अधर्मी लोकांची आहे, असे समाधान आपल्याला करून घेता येत नाही. कॅथलिकांनाही नाही. निकालानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २ ऑक्टोबर १९५५ च्या रविवारी, शेजारच्या लुइझियाना राज्यात जेझुइट बेंड येथील चॅपेलमध्ये पवित्र मिस्सा अर्पण करण्यासाठी आलेल्या कृष्णवर्णीय धर्मगुरूला काही गोऱ्या कॅथलिकांनी दारातूनच परत पाठवले. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी ते चॅपेल बंद केले आणि वर्णानुसार वेगळे ठेवणे हे पाप आहे, असे पुढच्या वर्षी पत्र काढून सांगितले. काही कॅथलिक त्यांच्यावरच उलटले. ज्यांच्या हातून प्रभूचे शरीर घ्यायचे त्या हातांचा रंग पाहणाऱ्या माणसांविषयी वाचताना माझे लक्ष आपल्याच काही जुन्या धर्मग्रामांकडे जाते, जेथे बाके, मिरवणुकीतील जागा आणि दफनभूमीतील कोपरेसुद्धा जातीप्रमाणे ठरत असत. असो.

मेमीने निकालाच्या आधीच, २ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तार पाठवून न्याय मागितला होता. उत्तर आले नाही. केंद्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख हूव्हर यांनी हे प्रकरण केंद्राच्या अधिकारात बसत नाही, असा शेरा मारला. ऑक्टोबरमध्ये मिसिसिपीच्या दोन सिनेटरांनी लुई टिलची सैन्यातील कागदपत्रे वृत्तपत्रांच्या हाती दिली. त्याला १९४५ साली लष्करी न्यायालयाने फाशी दिले होते, ही गोष्ट मेमीला दहा वर्षे कोणी नीट सांगितली नव्हती. ती तिला अशा रीतीने कळली. बापाच्या गुन्ह्याचा मुलाच्या खुनाशी संबंध काय, हे विचारण्याची त्या सिनेटरांना गरज वाटली नाही. ग्रँड ज्यूरी बसण्याच्या तोंडावर ही बातमी फुटली होती.

तिने तरीही शहराशहरांत जाऊन बोलायचे ठरवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या 'एनएएसीपी' या संस्थेने सभा घडवल्या आणि हजारो लोक तिचे बोलणे ऐकायला जमले. नोव्हेंबरमध्ये मात्र मानधनावरून संस्थेचे रॉय विल्किन्स आणि ती यांच्यात बिनसले. तिची नोकरी थांबली होती, म्हातारे आईवडील होते, खर्च होता. संस्थेला वाटले, की आई मुलाच्या नावावर पैसे मागते. तिचा दौरा रद्द झाला आणि तिच्या जागी मोझेस राइट यांना पाठवण्यात आले. चांगल्या कामातील चांगली माणसे शोकग्रस्त बाईच्या गरजा किती चटकन विसरतात, याचा हा नमुना आहे. आपल्या धर्मग्राम समित्यांनीही तो जरूर वाचावा. चळवळीने तिचे दुःख घेतले आणि तिला घरी पाठवले.

पण ती पेटी आता बंद होणार नव्हती. २७ नोव्हेंबर १९५५ रोजी डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनी मंटगोमरी शहरातील डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये एमेटच्या खटल्यावर भाषण केले. तेथील तरुण पाळक मार्टिन ल्यूथर किंग होते आणि श्रोत्यांत रोझा पार्क्स नावाची एक शिवणकाम करणारी स्त्री होती. चार दिवसांनी, १ डिसेंबरला, तिने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूला देण्याचे नाकारले. त्या क्षणी आपल्या मनात एमेट टिल होता, असे तिने पुढे सांगितले आहे. त्या नकारातून उभा राहिलेला मंटगोमरीचा बहिष्कार आपल्या वाचकांना परिचित आहे.

मेमीने आपला मार्ग शाळेत शोधला. वयाच्या पस्तिशीत ती पुन्हा विद्यार्थिनी झाली, १९६० साली शिक्षिकेची पदवी उत्तम गुणांनी मिळवली आणि तेवीस वर्षे शिकागोच्या सरकारी शाळांत शिकवले. १९५७ साली तिने जीन मोब्ली यांच्याशी विवाह केला. १९७१ साली येशूसंघीयांनी स्थापलेल्या शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून तिने शिक्षण प्रशासनाची एम. ए. पदवी घेतली. ती स्वतः कॅथलिक नव्हती, तर पेंटेकॉस्टल परंपरेतील होती. तरी त्या विद्यापीठाच्या दप्तरात तिचे नाव असावे याचे मला समाधान वाटते. १९७३ मध्ये तिने 'एमेट टिल प्लेयर्स' हा मुलांचा संच उभारला. शाळकरी मुले किंग यांची भाषणे तोंडपाठ करून सभांत म्हणत. स्वतःचे एकच मूल गमावलेली बाई दुसऱ्यांच्या मुलांना ताठ मानेने उभे राहून, न अडखळता बोलायला शिकवीत होती. खुन्यांविषयी विचारले असता, त्यांचा द्वेष करण्यात आपण आयुष्य घालवले नाही, असे ती सांगे. मात्र खटला पुन्हा उघडा, ही मागणी तिने एकदाही सोडली नाही. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी सारखी जात राहते आणि तो अखेर कंटाळून न्याय देतो. मेमीच्या आयुष्यात तो न्यायाधीश कंटाळला नाही. रॉय ब्रायंट आणि मायलम दोघेही मोकळेपणी जगून आजाराने वारले. ६ जानेवारी २००३ रोजी, प्रभुप्रकटनाच्या सणाच्या दिवशी, ८१ व्या वर्षी तिचे निधन झाले. तिचे आत्मकथन त्याच वर्षी, ती गेल्यावर प्रसिद्ध झाले.

पुढच्या घटना थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २००७ मध्ये टॅलाहाची जिल्ह्यातील लोकांनी समनरच्या न्यायालयासमोर एमेटच्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली. २९ मार्च २०२२ रोजी एमेटच्या नावाचा कायदा होऊन जमावाने केलेला असा वध हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा ठरला. काँग्रेसपुढे असे विधेयक प्रथम आले त्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती. २०२२ सालीच जिल्हा न्यायालयाच्या तळघरात कॅरोलिन ब्रायंटच्या नावाचे १९५५ मधील, कधीच न बजावलेले अटकेचे वॉरंट सापडले. ग्रँड ज्यूरीने तिच्यावरही आरोप ठेवला नाही आणि २०२३ मध्ये ती वारली. त्याच वर्षी २५ जुलैला, एमेटच्या जन्मदिवशी, मायलेकांच्या नावे राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. रॉबर्ट्स टेंपल आणि समनरचे न्यायालय ही दोन्ही ठिकाणे त्या स्मारकात आहेत.

पण या साऱ्याहून मला अधिक मोलाची वाटते ती २००५ सालची एक घटना. २००४ मध्ये केंद्र सरकारने हे प्रकरण पुन्हा तपासाला घेतले. आणखी कोणी दोषी जिवंत असेल तर त्याच्यावर खटला भरण्याआधी एक जुना प्रश्न निकालात काढणे आवश्यक होते. न्यायालयाच्या दृष्टीने त्या देहाची ओळख अजूनही पटलेली नव्हती, आणि १९५५ साली शवविच्छेदन झालेच नव्हते. १ जून २००५ रोजी बर ओक दफनभूमीतील कबर उघडण्यात आली. काचेची ती पेटी वर आली. तज्ज्ञांनी देह तपासला. कवटी, मनगटे आणि मांडीचे हाड मोडलेले आढळले, डोक्यात धातूचे कण सापडले. आप्ताच्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहण्यात आला. देह एमेट टिलचाच होता.

४ जूनला नातलगांनी प्रार्थना करून त्याला नव्या पेटीत पुन्हा पुरले. जुनी पेटी आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आईची कबर त्याच दफनभूमीत आहे. तिला जाऊन तेव्हा सुमारे अडीच वर्षे झाली होती.